शेवटची बस किती वाजता?

इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? आवडता पत्रकार कोण, सध्या काय वाचतेस, अशी सगळी तयारी करून गेले होते. समोरच्या सरांनी माझा बायोडेटा बाजूला ठेवला आणि विचारलं, "गाडी आहे ना?" 'नाही' म्हटलं तर विषय तिथेच संपतोय हे कळलं, म्हणून म्हणाले, "घेतेय सर." आणि खरंच घेतली. सेकंडहॅण्ड मोपेड. पैसे पप्पांचे, आणि दर महिन्याला स्टायपेंडमधून त्यांना हप्ता देण्याचं माझं वचन. (दोन हप्ते थकलेत. पप्पा पेपर वाचतात, तेव्हा हे इथेच कबूल केलेलं बरं.)

त्याच आठवड्यात माझ्या वर्गमैत्रिणीचा इंटरव्ह्यू मुंबईत होता. तिला विचारलं, "राहणार कुठे, सेंट्रलला की वेस्टर्नला?" पुण्यात जॉब लागलेल्या मित्राला तर यातलं काहीच विचारलं नाही. पुण्यात राहणार म्हणजे गाडी असणारच, हे तिथे धरूनच चालतात. तीन शहरांतल्या वाहतुकीची तुलना करायला यापेक्षा सोपी परीक्षा मला तरी सापडलेली नाही.

एरवी आपण तुलना कशी करतो? मुंबईत लोकल आहे, एसी लोकल आहे, आता भुयारी मेट्रोही आली. पुण्यात मेट्रो, नागपुरात मेट्रो. आणि आपल्याकडे काय? मग कट्ट्यावर कोणीतरी उसासा सोडतं, "आपलं नाशिक मागेच राहिलं यार." त्यावर दुसरा लगेच मेट्रो निओचा विषय काढतो. मला वाटतं ही तुलनाच चुकीच्या गोष्टीची आहे. गाडी किती चकाचक, एसी आहे का, स्टेशनवर रील चांगलं निघतं का, हे सगळं नंतर. आपल्या कामाचे प्रश्न दोनच. किती मिनिटांनी येते? आणि रात्रीची शेवटची किती वाजता?

पहिला प्रश्न घ्या. मुंबईचा माणूस गाडीला वेळेच्या नावाने हाक मारतो. कोर्ससाठी दोन महिने डोंबिवलीला मावशीकडे राहिले होते, तेव्हा मावशीच्या तोंडी सतत 'आठ बावन्न' असायची. जणू ती एखादी शेजारीण आहे. आठ बावन्न चुकली तरी मावशी घाबरायची नाही, कारण मागून दुसरी होतीच. नाशिकमध्ये कोणत्याही बसला असं वेळेचं नाव पडलेलं मी ऐकलेलं नाही. आपल्याकडे नाव जागेचं असतं, 'निमाणीची', 'नाशिकरोडची'. ती कधी येणार हे त्या नावात नसतं.

थोडं गणित करू, घाबरू नका, पाचवीतलं आहे. दर दहा मिनिटांनी बस असेल आणि तुम्ही वेळ न बघता थांब्यावर गेलात, तर सरासरी पाच मिनिटं थांबाल. दर चाळीस मिनिटांनी असेल तर वीस. प्रवास पंधरा मिनिटांचा आणि वाट बघणं वीस मिनिटांचं, असं झालं की माणूस बस सोडतो. तिकीट स्वस्त असलं तरी सोडतो. २००९ मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी दर्जाचे निकष ठरवले होते. त्यात सरासरी वाट बघण्याची वेळ चार मिनिटांच्या आत असेल तर पहिला दर्जा, दहाच्या वर गेली की चौथा, म्हणजे शेवटचा. हे वाचून मी हसले होते. चार मिनिटांत तर आपल्याकडे शेअर रिक्षासुद्धा भरत नाही.

याच निकषांत आणखी एक मोजमाप आहे, लोकसंख्येमागे बसेस किती. लाखामागे ६० किंवा जास्त असतील तर उत्तम, ४० ते ६० ठीक, २० च्या खाली गेलं की शेवटचा दर्जा. आता आपलं बघा. जुलै २०२१ मध्ये सिटीलिंक सुरू झाली ती २५० बसेसची योजना घेऊन, २०० सीएनजी आणि ५० डिझेल. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. भागाकार केला तर लाखामागे जेमतेम १७ बसेस. आणि ही लोकसंख्या २०११ ची आहे. तेव्हा मी तिसरीत होते. त्यानंतर पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत किती बिल्डिंगा उभ्या राहिल्या ते तुम्ही रोज बघताच. शिवाय याच बसेस शहराबाहेर त्र्यंबकेश्वर, सिन्नर, ओझरलाही जातात. म्हणजे शहराच्या वाट्याला त्याहून कमी.

इतर शहरांना हाच भागाकार लावू, लोकसंख्या तीच २०११ ची. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साधारण साडेअठ्ठेचाळीस लाख, पीएमपीच्या बसेस दोन हजारांच्या आसपास. लाखामागे चाळीस. बंगळुरूच्या बीएमटीसीकडे सहा हजारांहून जास्त बसेस, लाखामागे सत्तर. मुंबईत बेस्टच्या बसेस आता तीन हजारांच्या आत आल्यात, लाखामागे वीस-पंचवीस, पण तिथे लोकल आहे. आपल्याकडे लोकल नाही, मेट्रो नाही, लाखामागे सतरा बसेस, आणि उरलेली सगळी वाहतूक तुमच्या-माझ्या मोपेडवर.

नाशिकच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. आपलं शहर पसरट आहे. महापालिकेचं क्षेत्र सुमारे २५९ चौरस किलोमीटर. मुंबई महापालिकेच्या निम्म्याहून जास्त जागा आणि लोक मात्र तिथल्या आठव्या हिश्शाइतके. मुंबईत थांब्यावर दोन मिनिटांत बसभर माणसं गोळा होतात, इथे होत नाहीत. त्यामुळे प्रत्येक कॉलनीत दर दहा मिनिटांनी बस द्या, असं म्हणणं सोपं आहे, चालवणं अशक्य. सीबीएस ते नाशिकरोड हे अंतर साधारण नऊ-दहा किलोमीटर. द्वारकेचा सिग्नल धरून एका बसला जाऊन-येऊन दीड तास लागतो असं मानू. मग या एकाच रूटवर दर दहा मिनिटांनी बस हवी तर नऊ बसेस लागतात. अडीचशे बसेसमध्ये असे सत्तावीस रूट होतील, तेही एकही बस दुरुस्तीला गेली नाही तर. पण बस सगळ्यांना आपल्या दारात हवी असते. मग रूट वाढतात, आणि रूट वाढले की दोन फेऱ्यांमधला वेळ वाढतो. नकाशावर शहर सगळं व्यापलेलं दिसतं, थांब्यावर मात्र माणूस घड्याळ बघत उभा.

म्हणून माझं मत, आधी मोजकेच रूट पकडा. नाशिकरोड–द्वारका–सीबीएस. सातपूर–सीबीएस–निमाणी–आडगाव. पाथर्डी फाटा आणि सिडकोकडून शहरात येणारा. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडचा. या चार-पाच रस्त्यांवर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दर सात-आठ मिनिटांनी बस, मग ती भरलेली असो की अर्धी. आतल्या कॉलनीतून या रस्त्यापर्यंत माणूस चालत येईल, सायकलवर येईल, रिक्षाने येईल. बस नक्की आहे हे माहीत असलं की लोक दहा मिनिटं चालतात. डोंबिवलीत मावशी स्टेशनपर्यंत रोज पंधरा मिनिटं चालते, तक्रार न करता. (बाकी सगळ्या जगाबद्दल करते.)

मुंबईचं मी फार कौतुक करतेय असं वाटत असेल तर थांबा. लोकलच्या मार्गावर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसं मेली, रूळ ओलांडताना, दारातून पडून. आठ बावन्नमध्ये मी पहिल्या दिवशी चढूच शकले नव्हते. दुसऱ्या दिवशी मागच्या बायकांनीच मला आत ढकललं. आणि बेस्टची गोष्ट तर वाईटच वाटायला लावणारी आहे. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली. कित्येक वर्षं बेस्टच्या वीज विभागाच्या पैशांतून बसचा तोटा भरून निघायचा. ते गणित बिघडलं, स्वतःच्या बसेस कमी होत गेल्या, कंत्राटाच्या वाढल्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये केलं तेव्हा लोक परत बसकडे वळले होते. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झालं. नुसतं भाडं कमी करून भागत नाही, बसही यायला लागते.

पुण्याकडून शिकायचं तर कौतुकापेक्षा सावधगिरी शिकू. बीआरटीचा प्रयोग पुण्याने डिसेंबर २००६ मध्येच केला, कात्रज–स्वारगेट–हडपसर, देशात सगळ्यांच्या आधी. बससाठी वेगळी लेन, ही कल्पना एकदम भारी. पण लेन सलग राहिली नाही, दुचाकीवाले त्यात घुसले, आणि पुढे काही ठिकाणी ती उखडूनच टाकली. मार्च २०२२ पासून मेट्रो आहे. मागे मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा वनाजपासून बसले, गाडी छान, वेळेवर. पण मैत्रीण कर्वेनगरहून वनाजच्या स्टेशनपर्यंत मला कशाने घेऊन आली? मोपेडने. मोपेड खाली लावली आणि आम्ही मेट्रोत बसलो. नागपूरच्या मामेभावाचंही तेच रडगाणं, मेट्रो मस्त आहे, पण स्टेशनपासून घरापर्यंतचं काय?

हे ऐकल्यावर मेट्रो निओबद्दल माझा उत्साह जरा कमी झाला, खरं सांगते. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली तेव्हा आमच्या कॉलेज ग्रुपवर स्टेटसचा पाऊस पडला होता. उंच मार्गावरून रबरी टायरवर धावणारी, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब बस, अशी ती कल्पना. सुमारे ३३ किलोमीटर. त्याच वर्षी जुलैमध्ये सिटीलिंकच्या साध्या बसेस आल्या, तेव्हा स्टेटस फारसे कोणी ठेवले नाहीत. जी आज धावते आहे ती साधी बस. आणि जिची आपण वाट बघतोय तीही शेवटी बसच, फक्त पुलावरची. मला मेट्रो निओ नको असं नाही. पण ती होईपर्यंत खालच्या बसला सावत्र वागणूक का?

सावत्र म्हणायला कारण आहे. सिटीलिंकची रचना अशी की बसेस आणि ड्रायव्हर ठेकेदाराचे, त्याला किलोमीटरमागे पैसे, वाहक दुसऱ्या ठेकेदाराचे, आणि तिकिटातून भागत नाही ती तूट महापालिकेची. ही पद्धत इतर शहरांतही आहे, तिच्यात आपोआप काही वाईट नाही. पण साखळीतली एक कडी अडली की काय होतं ते आपण पाहिलंय. थकलेल्या पगारासाठी वाहकांना पुन्हा पुन्हा काम बंद करावं लागलं. मार्च २०२४ मधला तपोवन डेपोतला संप तर बरेच दिवस चालला, ऐन परीक्षांच्या हंगामात. तेव्हा सोशल मीडियावर बऱ्याच जणांनी वाहकांना शिव्या घातल्या. मला ते पटलं नाही. पगार झाला नाही तर तुम्ही-मी कामाला जाऊ का? महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वाहकाच्या खात्यात पैसे पडणं, हीसुद्धा वाहतूक सुधारणाच आहे, आणि तिला पूल बांधावा लागत नाही.

मग येतो 'तोटा' हा शब्द. शहर बस तोट्यात, अशी बातमी दर काही महिन्यांनी असते. पूर्वी हीच सेवा एसटी चालवायची, तिनेही तोटा सांगतच हात काढून घेतला. रस्त्याचा खड्डा बुजवला तर त्याला कोणी तोटा म्हणत नाही, रस्त्यावरच्या दिव्याचं बिल भरलं तर त्यालाही नाही. बसचा मात्र रुपया-रुपया मोजायचा. मोजा ना, पण मग मोपेडचाही मोजा. हप्ता, पेट्रोल, इन्शुरन्स, पार्किंगसाठी खाल्लेली जागा. हा सगळा खर्च आपल्या घरांनी उचललाय, म्हणून तो महापालिकेच्या बजेटमध्ये दिसत नाही.

आणि फक्त पैशांचा नाही. संध्याकाळी कॉलेज रोडला उभे राहा आणि क्लासला जाणारी अकरावी-बारावीची मुलं बघा. किती जणांकडे लायसन्स असेल? अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवली तर पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असा २०१९ पासूनचा कायदा आहे. सगळ्या आईवडिलांना तो माहीत असतो. तरी चावी देतात, कारण क्लास आठला सुटतो आणि पोरगं घरी यायला हवं. त्यांना नुसतं बेजबाबदार म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

आता दुसरा प्रश्न, शेवटच्या बसचा. एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसा. माझ्या ओळखीच्या अभ्यासिकेत साडेसातपर्यंत खुर्ची मिळत नाही. साडेसातनंतर मिळायला लागते, आणि रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या बहुतेक मुलींच्या असतात. वेळ रात्री अकरापर्यंत आहे, फी सगळ्यांना सारखीच. पण देवळाली कॅम्प, भगूर, म्हसरूळ, गिरणारे इथे राहणारी मुलगी साडेसातला उठते, कारण घरी जायचं कसं हा प्रश्न आठनंतर अवघड होतो. रोजचे साडेतीन तास. महिन्याचे शंभर. तिच्या बाजूला बसणारा मुलगा अकरापर्यंत थांबतो आणि बाईकने घरी जातो. पुढे निकाल लागला की 'मुली मागे का पडल्या' यावर आपणच चर्चासत्र घेऊ.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. गर्दी वाढली, बायका माहेरी जास्त जायला लागल्या, असं सगळे हसून सांगतात. पण ही सवलत एसटीची. येवल्याची मुलगी अर्ध्या तिकिटात नाशिकपर्यंत येते आणि शहरात आल्यावर सवलत संपते. दिल्लीने ऑक्टोबर २०१९ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये, कर्नाटकने जून २०२३ मध्ये महिलांना शहर बसप्रवासही फुकट केला. आपल्याकडेही तसं करावं का? माझ्या मैत्रिणींमध्ये यावर दोन गट आहेत. मला विचाराल तर मी पूर्ण तिकीट काढायला तयार आहे, पण रात्री दहाला बस द्या. फुकट बस सातला बंद होणार असेल तर तिचा मला उपयोग नाही.

हे जमणारच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. २०१५ च्या सिंहस्थात मी सातवीत होते. पर्वणीच्या दिवशी शहराबाहेरच्या वाहनतळांवरून एसटीच्या बसेस भाविकांना आत आणत होत्या, एकामागून एक. तेव्हा पप्पांसोबत पायी गोदाकाठी जाताना मी विचारलं होतं, "रोज का नसतात एवढ्या बस?" पप्पा म्हणाले, "रोज कुठे कुंभ असतो?" आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. पुन्हा बसेस येतील, पुन्हा रस्ते होतील, पुन्हा नियोजनाच्या बैठका. पर्वणी झाल्यावर त्यातल्या किती बसेस इथे राहणार, हा प्रश्न आतापासून विचारायला हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने देशभरासाठी १०,००० ई-बसेसची योजना मंजूर केली, त्यातलं नाशिकच्या रस्त्यावर किती आणि कधी उतरतं, तेही.

बाकी सगळं राहू द्या, एक गोष्ट तर पुढच्या महिन्यातही होऊ शकते. प्रत्येक थांब्यावर एक साधा पत्र्याचा बोर्ड. वर रूटचं नाव, खाली दोन ओळी: किती मिनिटांनी बस, आणि शेवटची किती वाजता. ॲप असतं, मान्य, पण थांब्यावर उभ्या असलेल्या आजीला ॲप काय कामाचं, आणि माझ्या फोनची बॅटरी सातनंतर कधी असते? बोर्डावर वेळ रंगवली की ती पाळावी लागते. नाही पाळली तर निदान बोट दाखवायला जागा होते.

आमच्या ग्रुपचं पुढचं भेटणं शनिवारी आहे, गंगापूर रोडला. वेळ साडेसहाची ठरत होती. मग कॅम्पवालीने लिहिलं, "साडेचारला चालेल का? मला सातच्या आत निघायचंय." चालेल म्हटलं सगळ्यांनी.